मुक्ता नावाचा मोती

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या वरणगावात गल्लीच्या तोंडाशी उभं राहून कुणी 'ओ मुक्ताबाई' अशी हाक मारली, तर निदान तीन-चार दारांतून 'ओ' ऐकू यायची, असा एक काळ होता. शाळेच्या हजेरीपटावर एखादी तरी मुक्ता असायचीच. ती नसली तर सोपान, निवृत्ती, ज्ञानदेव यांपैकी कुणीतरी असायचं. खानदेशाच्या या पूर्वेकडच्या पट्ट्यात ही चार नावं घराघरांत वाटून घेतल्यासारखी आहेत. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींचंच बघा. ज्या मुलानं आईची गाणी लिहून जपली, तो कवी सोपानदेव. आईच्या नावात बहीण आणि मुलाच्या नावात सोपान. संतांच्या घरातली नावं आपल्या लेकरांना द्यायची ही इथली जुनी रीत आहे.

आज मला या चौघांतल्या धाकटीच्या नावाबद्दल बोलायचं आहे.

'मुक्ता' या शब्दाचे दोन अर्थ, आणि दोन्ही एकाच धातूतून आलेले. मुच् म्हणजे सुटणं, सोडणं. बंधनातून सुटलेली ती मुक्ता, हा अर्थ आपण लगेच सांगतो. पण संस्कृतात मुक्ता या स्त्रीलिंगी नामाचा नेहमीचा अर्थ आहे मोती. शिंपल्यातून सुटून आलेला म्हणून मुक्ता. त्याच्यापासून मौक्तिक, मौक्तिकाचं प्राकृतात मोत्तिअ, आणि मोत्तिअचा आपला मोती. म्हणजे 'मोती' हा शब्द 'मुक्ता'चा नातू लागतो. गंमत अशी की मराठीनं नातवाची फार आबाळ केली. मोती हे नाव आपण बैलाला दिलं, कुत्र्याला दिलं. आजीचाही मान नीट ठेवला नाही. एखादा भलतंसलतं बोलायला लागला की आपण म्हणतो, 'काय मुक्ताफळं उधळतोय बघा!' फक्त मुलीच्या नावात हा शब्द जसाच्या तसा, न डागाळता राहिला.

मोत्यावरून मुलीचं नाव ठेवण्याची हौस काही एकट्या मराठी माणसाची नाही. ग्रीक भाषेत मोत्याला मार्गारितेस म्हणत. त्यावरून लॅटिनमध्ये मार्गारिटा आणि युरोपभर मार्गारेट. ब्रिटनच्या थॅचरबाई अर्थानं पाहिल्या तर आमच्या मुक्ताबाईच ठरतात. अरबीत लुलू म्हणजे मोती, आणि दुर्र म्हणजेही मोती. हैदराबादच्या निजामाच्या थोरल्या मुलाशी १९३१ साली लग्न करून तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी सून म्हणून आली. तिचं नाव दुर्रेशहवार, म्हणजे राजाला शोभेल असा मोती. आणि फारसीत गौहर. गौहर म्हणजे रत्न, मोती, आणि कोणत्याही वस्तूतला गाभा, सत्त्वही. याच गौहरचं अरबीत जौहर झालं, त्याचं अनेकवचन जवाहिर, आणि तेच मराठीत जडजवाहीर म्हणून सोनाराच्या दुकानात येऊन बसलं. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रिका निघू लागल्या तेव्हा अगदी सुरुवातीला, १९०२ साली, जिचा आवाज तबकडीवर उमटला तीही गौहरच, कलकत्त्याची गौहरजान. बालगंधर्वांच्या उत्तरायुष्यात त्यांच्या सोबत उभ्या राहिलेल्या गोहरबाई कर्नाटकी मराठी रसिकांना ठाऊक आहेतच.

आता नकाशा जरा डोळ्यांपुढे आणा. वरणगावहून महामार्गानं पूर्वेला वीसेक किलोमीटर गेलं की मुक्ताईनगर. तिथंच तापीच्या काठाला कोथळी आणि मेहूण ही गावं, आणि तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव. तापीच्या वरच्या अंगाला आणखी पुढे गेलं की बऱ्हाणपूर. या एका नदीच्या एवढ्याशा टापूत मोत्याच्या नावाच्या दोन मुली इतिहासात नोंदल्या गेल्या. एकीची इथं अखेर झाली, दुसरीचा इथं जन्म.

पहिली अर्थात मुक्ताबाई. परंपरा सांगते त्याप्रमाणे तिचा जन्म शके १२०१ चा, म्हणजे इसवी सन १२७९ चा. निवृत्तिनाथ १२७३, ज्ञानदेव १२७५, सोपान १२७७ आणि ही शेंडेफळ. वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीला गेलेले, गुरूच्या आज्ञेनं परत संसारात आले. पुढं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. संन्याशाची मुलं म्हणून घर वाळीत पडलं. मुलांना मुंजीचा अधिकार नाही म्हणाले. आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं.

या कुटुंबातली नावं एका ओळीत ठेवून पाहा. निवृत्ती, ज्ञान, सोपान, मुक्ता. आधी मागं फिरणं, मग जाणणं, मग जिना, आणि शेवटी सुटका. कीर्तनकार हा क्रम फार रंगवून सांगतात आणि श्रोते माना डोलावतात. मला मात्र त्या नामकरणात वेदान्तापेक्षा बापाचं काळीज जास्त दिसतं. ज्या माणसाच्या दारात कुणी पाण्याला उभं राहत नाही, ज्याच्या मुलांना कोणत्या पंगतीत बसवायचं याचा निवाडा गावची पंचायत करते, तो माणूस आपल्या लेकीचं नाव ठेवतो 'सुटलेली'. त्या घरात त्या दिवशी सर्वांत कमी जी गोष्ट होती, तिचं नाव. नावं अनेकदा अशीच ठेवली जातात. जे आहे त्याचं नव्हे, जे हवं आहे त्याचं नाव लेकराला दिलं जातं.

आणि ती पोर नावाला जागली. ज्ञानदेव जगाच्या वागण्याला विटून दार लावून बसले, तेव्हा बाहेर उभं राहून समजूत घालणारी हीच. ते 'ताटीचे अभंग' आजही आमच्याकडच्या बायका म्हणतात. ताटी म्हणजे झोपडीचं कुडाचं दार. थोरला भाऊ आत कोंडून बसलेला आणि नावानं 'मुक्ता' असलेली धाकटी बहीण बाहेरून म्हणते आहे की दार उघड. पुढं चौदाशे वर्षांचं वय सांगणाऱ्या चांगदेवांनी हिलाच गुरू केलं, अशी कथा आहे. त्यांनी पाठवलेलं कोरं पत्र पाहून, एवढं जगूनही हे कोरेच राहिले, असं ही म्हणाली म्हणतात. त्या पत्राचं ज्ञानदेवांनी दिलेलं उत्तर म्हणजे 'चांगदेव पासष्टी'. चौदाशे वर्षांचा आकडा कुणी खरा मानावा असं मी म्हणत नाही. पण म्हातारा योगी आणि त्याची गुरू एक पोरसवदा मुलगी, ही कल्पना ज्या समाजानं सातशे वर्षं कौतुकानं सांगितली, त्या समाजाच्या मनात काहीतरी चांगलं नक्कीच होतं.

१२९७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तापीकाठी वीज कडाडली आणि मुक्ताई दिसेनाशी झाली. समाधी नाही म्हणत तिला, 'अंतर्धान' म्हणतात. मेहूण की कोथळी यावर गावकऱ्यांत प्रेमळ वाद आहे, त्यात मी पडत नाही.

इथं नावातला एक बारकावा सांगायला हवा. मुक्ताबाईची मुक्ताई झाली. 'बाई' जाऊन 'आई' आली. तशीच जनाई, जिजाई, पुढे रमाई. जिला लेकरूच झालं नाही, जी स्वतःच अठराव्या वर्षी गेली, तिला आपण आई म्हणतो. वारकऱ्यांच्या भाषेनं हे नातं वयावर ठरवलंच नाही. आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या मानाच्या पालख्यांत मुक्ताईची पालखी सर्वांत लांबून येणाऱ्यांपैकी. बुलढाणा, जालना, बीड करत महिनाभराहून अधिक चालते. दोन भाऊ आळंदी-सासवडहून येतात, थोरला त्र्यंबकेश्वराहून, आणि ही आमच्या खानदेशातून. माहेरवाशिणीला उशीर व्हायला नको म्हणून तिला आधी निघावं लागतं, असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या म्हणतात.

दुसरी मुलगी १६३१ ची. शहाजहान बादशाहा दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपूरला तळ देऊन होता. १७ जून १६३१ ला मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात तिथंच वारली. तापीच्या पलीकडच्या तीरावर जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरतं दफन केलं आणि सहा महिन्यांनी, डिसेंबरात, तिचा देह आग्र्याला नेला. ताजमहालाची गोष्ट साऱ्या जगाला पाठ आहे. त्या बाळंतपणात जी मुलगी जगली तिचं नाव मात्र फारसं कुणी सांगत नाही. तिचं नाव गौहरआरा. थोरल्या बहिणी जहाँआरा आणि रोशनआरा. आरा म्हणजे सजवणारी. जगाला सजवणारी, प्रकाशाला सजवणारी, आणि ही रत्नामोत्यांना सजवणारी. जन्मताच आईला मुकलेली ही मुलगी पंचाहत्तर वर्षं जगली, १७०६ साली गेली. बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कैद झालेलं तिनं पाहिलं, भाऊ एकमेकांशी लढून संपलेले पाहिले. जहाँआरा, रोशनआरा ही नावं आमच्या मोहल्ल्यांतून अजून ऐकू येतात. गौहरआरा म्हणून कुणाला हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. आईच्या मरणाशी जोडलं गेलेलं नाव लोकांनी बाजूला ठेवलं असेल का? असेलही. नुसतं 'गौहर' मात्र चालतं.

आता माझ्या घरातली गोष्ट. मला मुलगी झाली तेव्हा माझ्या मनात नाव तयार होतं, मुक्ता. मी मराठीत कविता लिहितो, मुक्ताईच्या शेजारी वाढलो, मला हे नाव आपलं वाटत होतं. आमच्यात सातव्या दिवशी अकीका करतात आणि नाव ठेवतात. जमलेल्या वडीलधाऱ्यांत कुजबुज झाली. माझे चुलते, फार प्रेमळ माणूस, म्हणाले, 'बेटा, नाव गोड आहे, पण आपल्यातलं नाही.' मी त्यांना विचारलं, 'आपल्यातलं म्हणजे काय? शिरीन हे फारसी नाव, अर्थ गोड. परवीन फारसी, अर्थ कृत्तिका. गुलशन फारसी. अरबांच्या पैगंबरांच्या उम्मतीत इराणची नावं चालतात, तर खानदेशातलं का चालू नये?' पैगंबरसाहेबांनी एका मुलीचं 'आसिया' हे नाव बदलून 'जमीला' ठेवल्याची हदीस आहे. तिथलं आसिया म्हणजे अवज्ञा करणारी. फिरऔनच्या पुण्यवान बायकोचं आसिया हे नाव निराळ्या अक्षरांचं. म्हणजे नाव बदललं ते अर्थ वाईट होता म्हणून. भाषेचा प्रश्न तिथं आलाच नव्हता.

चुलत्यांना मुद्दा पटला, पण मन मानेना. त्यांचंही मी समजू शकत होतो. ती नव्वदच्या दशकातली गोष्ट. शहरांतून दंगलींच्या बातम्या येऊन गेलेल्या. अशा दिवसांत माणूस आपल्या नावाला घट्ट धरून बसतो. दोन्हीकडचे लोक विचारतील, ही तुमची कशी, असं त्यांना वाटत होतं. शेवटी अम्मीनं तोड काढली. ती सगळी हयात शेतात निंदणी-खुरपणी करत होती आणि तिच्या ओळीला निंदायला बसणाऱ्या बायकांत दोन मुक्ताबाया होत्या. तिनं विचारलं, 'मुक्ता म्हणजे काय रे?' मी म्हणालो, 'मोती.' ती म्हणाली, 'मग गौहर ठेवा. कागदावर गौहर, घरात मुक्ता. वस्तू एकच आहे.' तसंच झालं. आज ती कमावती आहे. कचेरीत गौहर, घरी मुक्ता, आणि दोन्ही नावांना सारख्याच त्रासिक आवाजात 'ओ' देते.

नावांच्या बाबतीत दुसरीही एक गोष्ट आमच्याकडे घडली. आज ज्याला आपण मुक्ताईनगर म्हणतो त्याचं आधीचं नाव एदलाबाद. एदलाबाद म्हणजे आदिलाबाद, बोलण्यात झिजलेलं. आदिल म्हणजे न्यायी. बऱ्हाणपूरच्या फारुकी घराण्यात आदिलखान नावाचे सुलतान होऊन गेले. प्रतिभाताई पाटील १९६७ पासून १९८५ पर्यंत विधानसभेवर निवडून गेल्या तो मतदारसंघ एदलाबादच. २००९ च्या निवडणुकीपासून मतदारसंघाच्या नावातही मुक्ताईनगर आलं.

मला लोक विचारतात, तुम्हाला यात वाईट वाटलं का? एका गावाला तेथल्या मातीत विसावलेल्या मुलीचं नाव मिळालं, यात वाईट काय वाटायचं? आपल्याकडे गावं राजांच्या, सुभेदारांच्या, देवांच्या नावांनी वसतात. अठरा वर्षांच्या मुलीच्या नावानं तालुका, हे मला फार अभिमानाचं वाटतं. पण 'न्याया'चं नाव पुसल्याचा आनंद जर कुणी मनात धरत असेल, तर तो मुक्ताईच्या नावाशी बसत नाही, एवढं मी तोंडावर सांगतो. आमच्या गावातले जुने लोक, हिंदू काय नि मुसलमान काय, अजून बाजाराला 'एदलाबादला' जातात आणि दर्शनाला 'मुक्ताईला'.

नाव ठेवल्यानं भाग्य बदलतं असं नाही, याचा दाखलाही याच नावात आहे. अहिल्याबाई होळकरांची मुलगी मुक्ताबाई. अहिल्याबाईंचा नवरा खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडला तेव्हा त्या सती निघाल्या होत्या. सासरे मल्हाररावांनी त्यांना मागं फिरवलं, आणि त्यामुळे देशाला एक थोर राज्यकर्ती मिळाली. राज्यात दरोडेखोरांचा बंदोबस्त करील त्याला मुलगी देईन, असं त्यांनी जाहीर केलं आणि जातपात न बघता यशवंतराव फणशांना ती दिली. त्या काळात हे केवढं धाडस! पुढं मुलीचा मुलगा गेला, आणि मागोमाग १७९१ साली जावई गेला. तेव्हा मुक्ताबाई सती निघाली. आईनं पाया पडून विनवलं, ती ऐकेना. लाखोंना आधार देणाऱ्या बाईला स्वतःच्या लेकीला चितेपासून मागं फिरवता आलं नाही. त्या मुलीचं नाव मुक्ता होतं. मी हा प्रसंग जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला ते नाव वाचून पुढं जाववत नाही.

त्यानंतर चौसष्ट वर्षांनी, १८५५ साली, पुण्यात आणखी एक मुक्ता बोलली. मुक्ता साळवे. मांग समाजातली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली चौदा वर्षांची मुलगी. तिचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध 'ज्ञानोदय' पत्रात फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत दोन भागांत छापला गेला. ती साधा प्रश्न विचारते. ब्राह्मण म्हणतात वेद आमचे. इंग्रजांना बायबल आहे, मुसलमानांना कुराण आहे. मग आमचं पुस्तक कोणतं, आमचा धर्म कोणता? अस्पृश्य बायका उघड्यावर बाळंत होतात, त्या वेळी त्यांचं काय होत असेल, हेही ती लिहिते. दलित स्त्रीनं आपल्या लेखणीनं मांडलेलं असं दुःख त्याआधी छापलेलं आढळत नाही. आळंदीची मुक्ता दाराबाहेर उभी राहून भावाला समजावत होती. पुण्याची मुक्ता ज्या दाराबाहेर उभी होती, त्याच्या आत तिला कुणी कधी घेतलंच नव्हतं. तरी दोघींचा सूर मला एकाच जातीचा वाटतो, आर्जवाचा आणि निर्भय.

विसाव्या शतकात शिकलेल्या घरांतून 'बाई' गळाली. गंगाबाई, भागाबाई, मुक्ताबाई ही आज्यांची नावं ठरली. यांतली बरीच 'बाई'बरोबरच मागं पडली, मुक्ता मात्र तरली. याचं एक कारण उघड आहे. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष, त्याच सुमाराला मुंबईत स्त्री मुक्ती संघटना उभी राहिली, गावोगाव 'मुलगी झाली हो' या नाटकाचे प्रयोग झाले. मुक्ती हा शब्द कीर्तनातून उठून मोर्च्यात आला. त्या पिढीतल्या चळवळ्या आईबापांनी हौसेनं मुलींची नावं मुक्ता ठेवली. आज नाटकात, सिनेमात, व्यसनमुक्तीच्या आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ज्या मुक्ता आपल्याला दिसतात, त्यांतल्या बऱ्याच त्या काळच्या. १९९४ साली डॉ. जब्बार पटेलांनी 'मुक्ता' हा सिनेमा केला, एक मुलगी आणि दलित कवी यांची गोष्ट. त्याला राष्ट्रीय एकात्मतेचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला. दिग्दर्शक जब्बार, नायिका मुक्ता, आणि पुरस्कार नर्गिसच्या नावाचा. माझ्या चुलत्यांना मी हे सांगितलं होतं. ते म्हणाले, 'सिनेमाची गोष्ट निराळी.'

आताच्या बारशांना मी जातो तेव्हा जी नावं कानावर येतात त्यांचे अर्थ आईबापांनाही मोबाइलवर बघून सांगावे लागतात. दोन अक्षरी, परदेशात उच्चारता येईल असं, यादीत आधी लागणारं, अशी काहीबाही मापं लावून नाव निवडतात. त्यात मुक्ता मागं पडली आहे. जोडाक्षर आहे, जुनं वाटतं. तरी मुक्ताईनगर-बोदवडच्या बाजूला, आणि वारकरी घरांत, एखादी मुक्ताई अजून पाळण्यात असते, 'आई'सकट.

महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईची मोठी यात्रा भरते. आमच्या रस्त्यानं दिंड्या जातात, बायका डोक्यावर तुळस घेऊन टाळावर चालत असतात. यात्रेत बांगड्यांची, मण्यांची दुकानं लागतात ती पुष्कळशी मनियारांची. मनियार म्हणजे आमच्यातलेच मुसलमान. शब्द मात्र मणिकारचा, मणी-मोत्यांचं काम करणारा. नकली मोत्यांच्या माळा दोरीला टांगलेल्या असतात. मनियाराची बाई गिऱ्हाइकाचा हात हातात घेऊन दाबून बघते, माप दोन-चार की दोन-सहा ते ठरवते, आणि बांगडी चढवताना रीतीप्रमाणं नाव विचारते. गर्दीत, टाळांच्या आवाजात तिला ते नीट ऐकू येत नाही. ती पुन्हा विचारते, 'काय म्हणालीस माय?' आणि समोरची जरा मोठ्यानं सांगते, 'मुक्ताबाई.'